ड्युटी सुटल्यावर

साहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा माझ्या वडिलांना वाटलं, हा माणूस स्थळ घेऊन आलाय. पोशीरमध्ये आमच्या ओटीवर कडक इस्त्रीच्या शर्टातला, उंच, काटकुळा, अनोळखी माणूस एरवी कशाला येईल? मी नुकती बारावी झाले होते. लावणी आटपली होती, हाताला काम नव्हतं, आणि गावातली एक मैत्रीण जाते म्हणून मीही होमगार्डमध्ये नाव दिलं होतं. ही काही नोकरी नव्हे. सणासुदीला, जत्रेला, निवडणुकीला पोलिसांना माणसं कमी पडतात तेव्हा बोलावणं येतं, आणि जेवढे दिवस जाल तेवढ्या दिवसांचा भत्ता मिळतो. बाकी आपण आपल्या घरी. कर्जतच्या पथकाचे प्रमुख म्हणजे साहेब. तेही आमच्यासारखेच, बिनपगारी.

साहेबांनी पाणी पिऊन तांब्या नीट खाली ठेवला आणि वडिलांना म्हणाले, "तुमची मुलगी आमच्याकडे आली तर काय चांगलं होईल ते तिला माहीत आहे. वाईट काय होऊ शकतं ते सांगायला मी आलोय."

मग त्यांनी ते सांगितलं. आवाज जराही न चढवता, एखाद्याला पत्ता समजावून द्यावा तसं. गर्दीत दगड लागू शकतो, हातपाय मोडू शकतो. मोडला तर उपचार कसे होतील, कायमचं अपंगत्व आलं तर काय मदत मिळते, जीव गेला तर आईवडिलांना काय मिळतं. वडील माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे. शेवटी साहेब म्हणाले की हे सगळं ती कामावर असेल तरच. कामावर नसताना झालं तर काही नाही, एवढं मात्र नीट ऐकून ठेवा. मग चहा घेतला, आईला नमस्कार केला आणि गेले.

ते फाटकाबाहेर पडल्यावर वडील म्हणाले, "ह्यो मानूस पोरीला भरती कराया आल्ता, का तिचं दिवस घालाया?"

आई कपबशा उचलत होती. ती म्हणाली, "खरं तरी बोलला. जाऊ दे तिला."

नंतर कळलं की ते प्रत्येकाच्या घरी असेच जायचे. नवीन नाव आलं की पुढच्या रविवारी साहेब त्या वाडीवर हजर. ठाकुरवाडीच्या एका पोरासाठी तर ते घाटातली पायवाट चढून गेले होते. लग्न झालेलं असेल तर बायकोशी बोलायचे, नसेल तर आईशी. तालुक्यात त्यांना 'यमाचा एजंट' म्हणायचे. त्यांना हे माहीत होतं. एकदा भर बाजारात कुणीतरी तसं मोठ्यानं म्हटलं, तर साहेब थांबले आणि म्हणाले, "चांगलं सांगायला सगळे जातात हो. दुसऱ्या खात्याला माणूस नको का?"

कर्जतच्या बाजारात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आजोबांच्या वेळचं. घराणं जुनं, एक भाऊ वकील, एक डॉक्टर. यांनीच काय ते खाकी घालायचं वेड घेतलं, असं घरचे म्हणत. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू सांगायच्या, "ह्यांचा खरा धंदा बंदोबस्त. दुकान आपलं जोडीला." ते खोटं नव्हतं. युनिफॉर्मच्या वरच्या खिशात साहेब कायम एक बारका पेचकस ठेवायचे. बंदोबस्तात उभे असताना समोरून कुणी म्हातारा नाकावरून घसरणारा चष्मा सावरत आला की साहेब त्याला बाजूला घ्यायचे, चष्मा काढून स्क्रू पिळून परत त्याच्या नाकावर ठेवायचे आणि "आता चला, पुढे गर्दी करू नका" म्हणायचे. म्हाताऱ्याला कळायचंसुद्धा नाही की आपल्याला हटकलं की आपली सेवा झाली.

आम्हा सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणायचे. एकोणीस वर्षांच्या पोरालाही. अरे-तुरे त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. परेडच्या आधी बाकीचे अधिकारी बूट तपासतात, साहेब पाय तपासायचे. बूट-मोजे काढायला लावून एकेकाचे तळवे, बोटांमधल्या भेगा बघायचे. बायकांचे पाय काकू बघायच्या. पिशवीत मलम घेऊन त्या खास त्यासाठी मैदानावर यायच्या. बंदोबस्त पायांनी होतो, काठीनं होत नाही, असं साहेबांचं म्हणणं. काठी त्यांनी स्वतः कधी वापरलेली मी पाहिली नाही. गर्दी रेटायला लागली की ते पुढे होऊन म्हणायचे, "मंडळी, मी आत्ता विनंती करतोय. थोड्या वेळानं मी कंटाळेन." लोक हसायचे आणि मागे सरायचे.

पोलीस आम्हाला जरा कमी लेखतात, ही काही लपवण्यासारखी गोष्ट नाही. चहा आला तर आम्हाला शेवटी. बसायला जागा असली तर आम्ही उभे. कुणी त्यावर कुरकुर केली की साहेब म्हणायचे, "आपण आपणहून आलेली माणसं आहोत. उपटसुंभ नाही. ताठ उभे राहा."

एका जत्रेत बांबूचं कुंपण कोसळलं आणि आमच्यातल्या हिराबाईची नडगी मोडली. मी आणि साहेब तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता. त्यानं कागदावर 'पडल्याने मार' असं लिहिलं. साहेब म्हणाले, पडल्याने नाही, बंदोबस्तात कुंपण अंगावर आल्याने. डॉक्टर म्हणाला, हाड तेच मोडलंय ना? साहेब म्हणाले, हाड तेच आहे. आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिले. रागावले नाहीत, कुणाचं नाव सांगितलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी डॉक्टरला चष्मा मागितला. दिवसभर तो वर सरकवून सरकवून डॉक्टरच्या नाकावर वळ उठला होता. साहेबांनी काड्या वाकवल्या, स्क्रू आवळले, काच रुमालानं पुसली आणि परत दिला. डॉक्टरनं तो घातला, एकदा मान हलवून बघितली, आणि कागद ओढून त्यावर 'होमगार्ड बंदोबस्तात कर्तव्यावर असताना' असं लिहिलं. हिराबाईचा पाय बरा व्हायला पुष्कळ दिवस गेले. खर्च मिळाला. ती अजूनही जरा लंगडते, पण बंदोबस्ताला येते.

पावसाळ्यातल्या रविवारी आम्हाला धबधब्यांवर लावतात. मुंबई-पुण्याकडून गाड्या भरभरून पोरं येतात आणि बंदी असली तरी पाण्यात उतरायला बघतात. पोलीस ओरडतात, शिट्ट्या मारतात. साहेबांची रीत निराळी. एकदा पाच-सहा धटिंगण पोरं त्यांच्याशी हुज्जत घालत होती. साहेब म्हणाले, "जा. मी अडवत नाही. फक्त आधी आईला फोन लावून सांगा, मी आता पाण्यात उतरतोय म्हणून. माझ्यासमोर लावा." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं खरंच फोन काढला आणि परत खिशात घातला. मग सगळी गाडीत जाऊन बसली.

बाळाराम त्या दिवशी माझ्या शेजारीच उभा होता. तो खाली बघून हसत होता.

बाळाराम लोधिवलीचा. घरची थोडी भातशेती, आणि कर्जतजवळ एका नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरायच्या कामावर, म्हणून आमच्या पथकात. अंगानं आडवा, पण स्वभाव असा लाजरा की शिट्टी वाजवायची वेळ आली की आधी कान लाल व्हायचे. फुंकर मारल्यासारखी वाजवायचा. साहेब त्याला समजवायचे की शिट्टी म्हणजे विनंती नव्हे, विनंती तोंडानं करायची असते. बाळाराम हो म्हणायचा आणि पुन्हा तशीच वाजवायचा. त्याची बायको सुरेखा, एक मुलगी विजू. त्याच्या भरतीच्या वेळी साहेब लोधिवलीला गेले होते आणि नेहमीप्रमाणे सुरेखाला सगळं सांगून आले होते. तिनं म्हणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आतापर्यंत असं कुणाचं झालंय का? साहेब म्हणाले, आपल्या पथकात नाही.

तो रविवार खालापूरच्या बाजूचा होता. चौकच्या मागच्या डोंगरातला धबधबा. दुपारनंतर पाऊस इतका वाढला की पर्यटक आपणच पांगले. पोलीस अधिकारी म्हणाले, तुमची माणसं सोडली तरी चालेल. साहेबांनी आम्हाला रांगेत उभं केलं, मोजलं. थेट घरी जा, वाटेत कुठे पाणी दिसलं तर पलीकडे जायची घाई करू नका, असं सांगितलं. मग 'परेड, विसर्जन' म्हणाले. आम्ही उजवीकडे वळलो, सलाम केला आणि सुटलो. आम्ही कर्जतवाले टेंपोत बसलो. बाळाराम रेनकोट न घालताच मोटरसायकलवर बसला आणि उलट दिशेला गेला. उजेड चांगला होता अजून.

पुढचं आम्हाला नंतर, तिथल्या लोकांच्या तोंडून कळलं. जुन्या हायवेला लागायच्या आधी आतल्या रस्त्यावर एक ओढा लागतो. त्याच्यावर फरशी आहे, कठडे नसलेला बुटका पूल. बाळाराम पोचला तेव्हा फरशीवरून पाणी चढायला लागलं होतं. अजून गुडघाभरही नव्हतं. तो निघून जाऊ शकला असता. त्यानं मोटरसायकल रस्त्यात आडवी लावली आणि शिट्टी वाजवली. तिथल्या चहावाल्यानं सांगितलं की ती शिट्टी त्याला बंद टपरीत, पावसाच्या आवाजात ऐकू आली. एक एसटी थांबली. मागं भाजीचा टेंपो थांबला. मुंबईची एक गाडी हॉर्न वाजवत पुढे यायला बघत होती, तिच्या बॉनेटवर हात ठेवून तो उभा राहिला. बराच वेळ तो तसा उभा होता.

मग पलीकडच्या बाजूनं एक स्कूटर आली. नवरा-बायको, जवळच्याच गावातले. त्यांना इकडची शिट्टी ऐकू गेली नसावी. मध्यावर स्कूटर घसरली. बाळाराम पाण्यात गेला. टेंपोवाल्यानं दोर टाकला होता, त्याला धरून त्यानं आधी बाईला ओढून इकडे दिलं, मग नवऱ्याला. वरून एक ओंडका आला. तो त्याच्या कमरेला लागला आणि दोर सुटला.

सकाळी तो खालच्या शेताच्या बांधाला सापडला.

साहेब लोधिवलीला गेले, मीही गेले. तिथे काय बोलले ते सांगण्यासारखं नाही, कारण ते काही बोललेच नाहीत. दिवसभर ओटीच्या कडेला उभे होते. सुरेखा त्यांच्याकडे बघत नव्हती.

दिवसकार्य झाल्यावर तिचा भाऊ कर्जतला दुकानात आला. त्या वेळी आम्ही चार-पाचजण तिथे होतो. त्याचं म्हणणं साधं होतं. बाळारामच्या मागं बायको आहे, पोरगी आहे. मदत मिळायची तर तो ड्युटीवर होता असं ठरायला हवं, आणि कागदावर तर ड्युटी आधीच संपलेली. साहेबांनी एवढंच लिहून द्यायचं की त्याला फरशीवर थांबायला मीच सांगितलं होतं. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. 'विसर्जन' आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि आमच्यातला एकही जण त्याबद्दल तोंड उघडणार नव्हता. तसं आम्ही साहेबांना सांगितलंसुद्धा.

साहेब काउंटरच्या मागे उभे होते. ते म्हणाले, "मी त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं. घरी जायला सांगितलं होतं."

"ते आमाला म्हाईत हाय," भाऊ म्हणाला. "पन लिवायला काय जातंय?"

"मी तसं लिहिलं तर तिथं उभं राहणं माझं होतं. ते त्यांचं आहे. मी ते घेणार नाही."

भावाला हे समजलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही त्या वेळी समजलं नाही. भाऊ म्हणाला, म्हणजे आमाला काहीच नाय का? साहेब म्हणाले, ते मला अजून माहीत नाही. भाऊ दारातून वळला आणि म्हणाला, "भरतीच्या टायमाला आल्ता तवा सगळं तोंडपाठ हुतं तुमचं." साहेबांनी मान हलवली. ते खरं होतं.

पुढच्या रविवारी परेडला निम्मी माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून कमी. मी दुकानात जाऊन साहेबांशी बोलले. मी म्हटलं, साहेब, एका ओळीचा तर प्रश्न आहे, आणि त्या ओळीनं कुणाचं नुकसान होत नाही. ते एका गिऱ्हाइकाची काच घासत होते. हातातलं काम त्यांनी आधी संपवलं. मग म्हणाले, "त्या एका ओळीनं साहेबानं पाठवलं म्हणून ते मेले असं होईल. त्यांची मुलगी मोठी होईल, तिला तसंच कळेल. माणूस आयुष्यात एकदा इतक्या जोरात शिट्टी वाजवतो, आणि ती मी वाजवली म्हणून सांगू?"

काकू आतून आल्या आणि मला हळूच म्हणाल्या की ह्यांनी जेवण कमी केलंय.

मग साहेबांनी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. सकाळी स्कूटर काढून ते खालापूरकडे जायचे आणि दुपारी चिखलानं भरून परत यायचे. कुणाला वाटलं त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. ते फरशीजवळच्या चहाच्या टपरीवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत की त्या दिवशी तुम्ही इथे होतात का. एसटीचा ड्रायव्हर त्यांना डेपोत सापडला. टेंपोवाला चौकच्या बाजारात भाजी उतरवताना सापडला. मुंबईच्या गाडीतलं कुटुंब सापडायला वेळ लागला नाही, कारण ती माणसं आठवड्याभरात स्वतःच परत आली होती, 'ते पोलीस कसे आहेत' हे विचारायला, आणि ऐकून टपरीवरच बसून राहिली होती. चहावाल्याकडे त्यांचा नंबर होता. स्कूटरवाला नवरा मात्र भेटला तरी बोलेना. मान खाली घालून आत निघून गेला. त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, कुठं यायचं ते सांगा, मी येईन.

सगळ्यांना साहेब एकच विचारत होते. तुम्ही का थांबलात?

चौकशी खालापूरला झाली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले होते. वयानं साहेबांहून लहान, बोलायला सरळ. पथकातर्फे साहेबांबरोबर मी होते. दाराबाहेरच्या बाकावर सुरेखा आणि तिचा भाऊ बसले होते. साहेबांनीच निरोप पाठवून त्यांना बोलावलं होतं. भावाचा चेहरा घट्ट होता. साहेब आता आत जाऊन खरं बोलणार आणि सगळं संपणार, असं त्याला वाटत असावं. मलाही तसंच वाटत होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं, बाळारामला फरशीवर थांबायचा हुकूम तुम्ही दिला होता का? साहेब म्हणाले, नाही. परेड विसर्जन केली होती का? केली होती. मग ते ड्युटीवर नव्हते, बरोबर?

दार उघडं होतं. सुरेखानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

साहेब म्हणाले, "माझ्या लेखी नव्हते. आता ज्यांच्यापुढे ते उभे होते त्यांना विचारा."

ड्रायव्हर आधी आला. त्याला साहेबांनी काही शिकवलं नव्हतं, तो आपल्या तालात बोलला. "मानूस कोन हाय ते मी बगितलं नाय, साहेब. खाकी बगितली, शिट्टी ऐकली, बिरेक मारला. घरच्या कपड्यात असता तर मी हॉर्न मारून गेलो असतो. गाडी भरलेली हुती." टेंपोवाला म्हणाला, मला वाटलं वरून ऑर्डर आली असंल, रस्ता बंद केला असंल. मुंबईहून आलेल्या गृहस्थांनी सांगितलं की मी त्यांच्याशी भांडलो, मला उशीर होतोय म्हणालो. त्यावर ते होमगार्ड म्हणाले, तक्रार करायची तर करा, छातीवर नाव आहे, पण गाडी मी जाऊ देणार नाही. हे सांगताना त्यांना थांबून पाणी प्यावं लागलं.

शेवटी स्कूटरवरची बाई. ती उभ्यानंच बोलली. पाण्यात पडल्यावर ती घाबरून नवऱ्याचा सदरा सोडत नव्हती. समोरून पाण्यातनं एक माणूस येताना दिसला, तर त्यालाही हात देईना. "तवा ते वरडले, ताई, मी होमगार्ड हाय, हात द्या. मग मी हात दिला."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, "हुकूम कुणी दिला असं तुम्ही मला विचारलंत. मी दिला नाही. पण ह्या सगळ्यांनी हुकूम पाळलाय, म्हणून ही इथे उभी आहेत. ते ड्युटीवर नव्हते असं ठरवायचं असेल तर ह्यांनी कुणाचं ऐकलं, तेही लिहावं लागेल."

अधिकारी म्हणाले, बसा. मग त्यांनी बराच वेळ लिहिलं. ड्रायव्हरला पुन्हा बोलावून तेच विचारलं आणि त्याचे शब्द तसेच्या तसे उतरवले. निघताना ते साहेबांना म्हणाले की मी माझं मत वर कळवतो, शेवटचा निर्णय माझ्या हातात नाही. बाहेर आल्यावर सुरेखाचा भाऊ साहेबांच्या स्कूटरपर्यंत चालत आला. त्यानं रुमालानं सीटवरचं पाणी पुसलं आणि परत बहिणीकडे गेला.

निर्णय यायला वेळ लागला. पाऊस संपला, भात कापून झालं, मळणी झाली. साहेब मधूनमधून जिल्ह्याला जायचे आणि तिथल्या कारकुनाच्या टेबलासमोर बसून यायचे. परेडला माणसं हळूहळू परतली. चौकशीत काय झालं ते मी सगळ्यांना सांगितलं होतं. साहेब स्वतः एक अक्षर बोलले नाहीत. एक दिवस दुकानात फोन आला. त्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि काकूंना म्हणाले, धरलं. ड्युटीवर धरलं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन लोधिवलीला गेले. सुरेखाच्या ओटीवर वाल सोलायला पसरले होते. तिनं ते एका बाजूला लोटले, आम्हाला बसायला जागा केली. साहेबांनी निर्णय सांगितला, पुढे कुठे सही करायची, खातं कुठलं द्यायचं, काय कधी येईल ते सांगितलं. भरतीच्या वेळी सांगत तसंच, पत्ता समजावल्यासारखं. फक्त या वेळी ते मधेमधे अडखळत होते.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "तवाच हो म्हनला असता तर लवकर झालं असतं."

"हो," साहेब म्हणाले. "झालं असतं."

"मी लय शिव्या घातल्या तुमाला. मनात."

"घालायलाच हव्या होत्या."

सुरेखा वालाची एक शेंग हातात घेऊन फोडत राहिली. मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, साहेबांकडे नाही, की मागच्या आठवड्यात ती एसटीनं चौकला चालली होती. ड्रायव्हर तोच होता. त्यानं तिला ओळखलं आणि उतरताना गाडीतल्या लोकांना सांगितलं, ही त्याची बायको. लोक उठून उभे राहिले. "म्होरं काय करायचं ते मला सुधरंना," ती म्हणाली. "मी तशीच उतरले."

मी साहेबांकडे बघितलं. ते जायला म्हणून उठले होते, पण बूट घालायला पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. एक बूट पायात, एक हातात. मी त्यांच्या जवळ जाऊ का नको असं करत होते, तेवढ्यात सुरेखा उठून त्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसली.

"बसा जरा," ती म्हणाली. "विजूची शाळा सुटंल आता. तिला मी सांगितलंय, पन तिचा इस्वास नाय. म्हनती, बाबा घरी का नाय आलं, शाळंतली पोरं तर म्हनतात ड्युटी संपली हुती. तुमी तुमच्या तोंडानं सांगा."

साहेबांनी हातातला बूट खाली ठेवला.

विजू आली तेव्हा तिच्या दप्तराचा एक पट्टा तुटलेला होता आणि ती ते पोटाशी धरून चालत होती. खाकीतला माणूस पायरीवर बघून ती अंगणातच थांबली. आईनं मानेनं खुणावलं तशी जवळ आली. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर ती बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येत होती.

"तुझ्या बाबांना मी घरी जायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "त्यांनी माझं ऐकलं नाही."